चार गुरुवार की पाच

मार्गशीर्ष लागला की माझा उजवा अंगठा स्वस्थ बसत नाही. चार बंगल्याच्या बाजारात पाच पानांच्या जुड्या दिसू लागतात, फुलवाल्यांच्या बादल्यांत कमळं उभी राहतात, कलशाला नेसवायच्या जरीच्या तयार साड्या दोरीवर लटकतात, आणि बायका फळवाल्याशी "गुरुवार आला म्हणून वाटेल तो भाव लावशील का रे?" म्हणून भांडतात. सकाळची हवा थोडी बरी असते. अंधेरीत थंडी म्हणजे पंखा एकवर, एवढंच. खरं तर जरा शांत वाटावं असा हा महिना. माझं मात्र उलटंच होतं. रांगेत असलो, रिक्षात असलो, दाढी करत असलो तरी अंगठा फोनकडे जातो आणि स्क्रीन वरून खाली ओढायला लागतो. तिथं आता ओढण्यासारखं काही उरलेलं नाही. मी रोज पन्नास वेळा बघायचो तो आकडा मीच बंद केला, त्याला दोन वर्षं झाली.

"लोकांना देवी पावते, तुला आकडा पावला होता," माझी बायको वैशाली म्हणते. मी विषय बदलतो. तिचं बरोबर असलं की मी विषय बदलतो, हे तिलाही ठाऊक आहे.

मी एका विमा कंपनीच्या संगणक विभागात आहे, ऑफिस मरोळला. आमच्या कामात चाळिशी उलटली की माणूस आपोआप 'सीनिअर' होतो आणि सीनिअर म्हणजे महाग. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. आमचा विभाग दुसऱ्या विभागात विलीन होणार अशी कुणकुण लागली आणि डब्याच्या टेबलावर एकच विषय सुरू झाला: तुझं साइडला काय चाललंय? एक जण शेअर घेत होता, एक रविवारी लग्नांचे फोटो काढायला जात होता, एकानं ठाण्यात कुणाच्या तरी किचनमध्ये भागीदारी घेतली होती. माझं साइडला काहीच नव्हतं. घरी येऊन हे सांगितलं तर वैशाली म्हणाली, "आधी मेनला काय आहे ते बघ ना."

पण एकदा डोक्यात घुसलं ते घुसलं. मोबाइलचं ॲप बनवायचं, त्यात जाहिराती लावायच्या, लोक वापरतील तसे थोडे थोडे पैसे येत राहतील. व्हिडिओ बघून शिकलो. सकाळी पाच ते सात ओट्यावर लॅपटॉप ठेवून बसायचो, कारण आमच्या घरात वायफाय नीट तिथंच लागतं. पहिलं ॲप मुलांच्या पाढ्यांचं. तसली शेकडो आधीच होती. दुसरं आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या वेळा सांगणारं. ते दोघांनी घेतलं: मी आणि सेक्रेटरी. त्यानं वार्षिक सभेत उभं राहून तक्रार केली की पाणी वेळेवर येतं, ॲप येत नाही. तिसऱ्याबद्दल न बोललेलंच बरं.

चौथं सुचलं ते हरकूमावशीमुळे.

हरकूमावशी वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. आमच्या तीन बिल्डिंगांत ती माझ्या लग्नाच्या आधीपासून मासळी घेऊन येत होती. तेव्हा साठीच्या पुढं असावी, पण अंबाड्यावरची वेणी कधी चुकली नाही. पाटी जिन्याखाली उतरवायची, आधी हात हलवत वर चढायची आणि दारोदार विचारून यायची. अठ्ठेचाळीस घरं. कुणाचा सोमवार, कुणाचा मंगळवार, कुणाची संकष्टी, सगळं तिच्या तोंडावर. पहिल्या मजल्यावरच्या सावंतकाकू गुरुवार पाळतात, पण सून नाही पाळत, तिला वेगळं द्यायचं. त्यांच्या वरच्या घरात मुलगी परीक्षेला बसली की त्या वर्षापुरता मंगळवारही बंद. तिसऱ्या मजल्यावर सासूबाई गावाला गेल्या की शनिवार सुटतो, मात्र हे जिन्यात मोठ्यानं बोलायचं नाही.

एका बुधवारी वैशालीनं तिच्याकडून सुरमईच्या तुकड्या करून घेतल्या आणि तुकड्या झाल्यावर तिला आठवलं की आज संकष्टी.

"मी इचारलं ना गं बाय, आज चतुर्थी, चालंल ना?" मावशी कोयता पुसत म्हणाली. "तू फोनवर व्हतीस. हं, हं बोललीस."

दोघी हसत सुटल्या. मी बुधवार-शुक्रवार घरून काम करायचो, म्हणून दारात उभा होतो. मला हसू आलं नाही, मला ॲप दिसलं. आपल्या घरी काय काय पाळतात ते एकदा भरून ठेवायचं, आणि रोज सकाळी फोननं सांगायचं: आज चालतं की नाही. चालत असेल तर स्क्रीनवर पापलेट, नसेल तर तुळशीचं पान. नाव तेव्हाच ठरलं, 'आज चालतं का?'

पुढचे चार बुधवार मी मावशीबरोबर जिन्याच्या पायरीवर बसलो. ती सांगायची, मी टिपून घ्यायचो. श्रावण पूर्ण पाळणारे वेगळे, फक्त श्रावणी सोमवारवाले वेगळे. गणपती येईपर्यंत नाही खाणारे, गौरी जाईपर्यंत नाही खाणारे. नवरात्रात घट कधी हलवतात त्यावर ठरणारे. माझी वही भरत आली.

"मावशी, एवढं सगळं लक्षात कसं राहतं गं तुझ्या?"

"लक्षान ठेवायला मी काय मास्तरीन हाय?" ती म्हणाली. "पन तू कनाला लिवतोस? मासली इकायचा इचार हाय काय?"

"नाही गं. फोनमध्ये घालतोय. तुझं काम सोपं होईल."

हे शेवटचं वाक्य मी सहज बोललो. त्यात खोटेपणा नव्हता. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला तिच्या कामाशी काही देणंघेणं नव्हतं, मला माझं सुरू करायचं होतं.

आणि ते चाललं. झकास चाललं. आमच्या बिल्डिंगमधून शेजारच्या सोसायटीत गेलं, तिथून कुणाच्या माहेरी मुलुंडला, कुणाच्या बहिणीकडे दहिसरला. पहिले पैसे खात्यात आले तेव्हा मी तो मेसेज वैशालीला तीनदा दाखवला. रक्कम अशी होती की आम्ही दोघं एकदा बाहेर जेवून आलो असतो आणि रिक्षाचे वेगळे द्यावे लागले असते. पण पगार आणि हे पैसे यांत फरक होता. पगार मला कोणी तरी देत होतं, आणि उद्या देणार नाही असंही म्हणू शकत होतं. हे माझे मी आणले होते.

तिथूनच माझी झोपमोड, म्हणजे जागेपणीची, सुरू झाली. किती जणांनी घेतलं, किती जणांनी उघडलं, किती जणांनी काढून टाकलं, सगळ्याचा आलेख फोनवर दिसायचा. रेघ वर गेली की मी ऑफिसात उगाच सगळ्यांशी गोड बोलायचो. खाली आली की चहा नकोसा व्हायचा. एका रविवारी वैशाली हट्टानं मला आरे कॉलनीत फिरायला घेऊन गेली. धुकं होतं, तबेल्याकडून शेणाचा आणि ओल्या गवताचा वास येत होता, कुठं तरी मोर ओरडला. मी आलेख बघत होतो. "जंगलात आलोय रे, फोन ठेव ना," ती म्हणाली. मी ठेवला, आणि मोराकडे बघताना मनात आलं की ॲपमधलं पापलेट मोरासारखं हलतं-डुलतं केलं तर लोक ॲप जास्त वेळ उघडं ठेवतील. इतका मी वाया गेलो होतो.

त्या वर्षीचा मार्गशीर्ष गुरुवारच्या आसपासच लागला, आणि म्हणून महिन्यात पाच गुरुवार आले. पाचव्या गुरुवारी दुपारी अमावास्या लागत होती. असं झालं की दर वेळी वाद होतो. काही घरं पाचवा धरतात, काही घरं अमावास्या नको म्हणून चौथ्यालाच उद्यापन करून मोकळी होतात. आमच्याकडच्या बहुतेक घरांत तो महिना उद्यापन होईपर्यंत मासळी बंद. आणि उद्यापनानंतरचा शुक्रवार म्हणजे मावशीची दिवाळी. महिनाभर तोंड आवरून बसलेली अठ्ठेचाळीस घरं त्या दिवशी तिची वाट बघायची. अख्ख्या मार्गशीर्षातली ढिलाई ती त्या एका शुक्रवारी भरून काढायची.

चौथ्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, बुधवारी, ती आली. पाटी हलकी होती, न पाळणाऱ्या चार-पाच घरांपुरतीच. गुडघा दुखत होता. जिन्याचा कठडा धरून ती पहिल्या पायरीवर थांबली. वर जाऊन दारोदार विचारायचं होतं, तुमच्याकडे चार की पाच. दर वर्षी ती तेच करायची आणि त्यावर शुक्रवारचा माल ठरवायची.

मी खालीच होतो. "मावशी, कशाला चढतेस? फोनमध्ये आहे सगळं."

"काय बोलतंय तुजा फोन? चार का पाच?"

"पाच."

"गुरवारी अवस लागते ना रे?"

"ती दुपारी लागते. सूर्य उगवताना जी तिथी, ती दिवसभर धरायची. पंचांगाचा नियम आहे. पाच म्हणजे पाच."

तिनं बोटांवर तिथी मोजून बघितली. तिला पटलं नव्हतं, ते मला तेव्हाही दिसलं होतं, हे मी आज लपवत नाही. पण तिच्या गुडघ्याला पटलं. "शिकलेला तू. बरं झालं, या शुक्रवारी मग येत नाय. मढला बईनीकरं जाते, गुडघ्याला लेप लावते ती," असं म्हणून तिनं पाटी उचलली. मला फार बरं वाटलं. माझ्या ॲपनं पहिल्यांदाच कुणाचे खरेखुरे कष्ट वाचवले होते, असं वाटून मी वर येऊन आलेख बघितला.

दुसऱ्या दिवशी, चौथ्या गुरुवारी, संध्याकाळी आमच्या घरी बायका आल्या होत्या. मी आतल्या खोलीत एक बिघाड दुरुस्त करत होतो. उदबत्ती, कापूर, केळी आणि तुपातल्या शिऱ्याचा वास दाराखालून येत होता. आरती झाली. मग बराच वेळ हसणं, बांगड्या, "घे गं, नाही म्हणू नकोस." पाणी प्यायला बाहेर आलो तर सावंतकाकू एका हातात फळ आणि दुसऱ्या हातात व्रताची पोथी घेऊन चपला शोधत होत्या. बाकीच्यांच्याही हातात तेच. पोथ्या उद्यापनालाच वाटतात. हे मला माहीत होतं. माझ्याच ॲपच्या माहितीच्या पानावर मी ते लिहिलं होतं. मी सावंतकाकूंना चपला काढून दिल्या, पाणी प्यायलो आणि परत आत गेलो.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास वैशाली तिसऱ्यांदा गॅलरीतून वाकून बघून आली.

"मावशी कशी नाही आली रे अजून? आज तर तिनं नऊलाच यायला हवं."

"आज कशी येईल? अजून एक गुरुवार आहे."

"कुणाचा?"

"म्हणजे काय? पाच आहेत यंदा."

"अरे, काल उद्यापन झालं ना आपलं! पंधरा बायका जेवून गेल्या घरात. तू कुठल्या देशात राहतोस?"

माझ्या फोनवर तुळशीचं पान होतं. मी मावशीला फोन लावला, तो तिच्या सुनेनं उचलला. मावशी आठवडाभरासाठी मढला गेली होती, फोन घरीच ठेवून. तोवर जिन्यात बायका जमल्या होत्या. कुणी म्हणालं आजारी असेल, कुणी म्हणालं म्हातारी झाली आता. दीडच्या आत जेवणं व्हायची होती. मग एकीनं फोनवरून मागवली, घरपोच, साफ करून, डब्यात घालून. तिचं बघून दुसरीनं. साडेबाराला जिन्यात तळणीचा वास भरला. आमच्याकडेही सुरमई आली. चांगली होती, हे मुद्दाम सांगतो. वाईट असती तर पुढचं घडलंच नसतं.

आणि त्या आठवड्यात माझा आलेख जेवढा वर गेला तेवढा आधी कधी गेला नव्हता. चार की पाच यावर घराघरांत वाद, आणि प्रत्येक वादात कोणी ना कोणी ॲप उघडून दुसऱ्याच्या नाकासमोर धरत होतं. कुणी लिहिलं, "बिनडोक ॲप, चार झाले आमचे." कुणी लिहिलं, "पाचच बरोबर, शाबास." दोघांच्याही उघडण्याचे मला पैसे मिळाले. सगळ्यांत जास्त कमाईचा महिना तो.

मावशीला बुधवारपर्यंत तरी सुनेकरवी निरोप पोचवायला हवा होता. त्या बुधवारी मला ऑफिसात बोलावलं, विलीन होण्याबद्दलची बैठक होती. सुनेला पुन्हा फोन करीन म्हटलं आणि राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही, मी टाळलं.

पुढच्या शुक्रवारी ती रिक्षातून आली. दोन पाट्या. बंदरावर पहाटेच गेली असणार. पापलेट, कोळंबी, हलवा, सुरमई, वर ओला बर्फ. तिनं जिन्याखाली मांडामांड केली आणि गुडघा धरून वर चढली. मी दाराआडून ऐकत होतो. पहिल्या मजल्यावर: "अगं, फ्रीजमध्ये आहे मावशी, परवाच मागवली." दुसऱ्या मजल्यावर: "गेल्या शुक्रवारी किती वाट बघितली तुझी!" तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं, बंद झालं, बोलणं ऐकू आलं नाही. मग ती आमच्या मजल्यावर आली. मीच दार उघडलं.

ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"पाच बोललास ना रे तू?"

"हो मावशी. चुकलं माझं."

"तुज्या घरी पन चारच?"

"हो."

"मंग तू कुठं व्हतास?"

"आतच होतो," मी म्हणालो.

वैशालीनं पुढं होऊन आमच्या गरजेच्या तिप्पट कोळंबी घेतली. मी पाकिटातून वरचे पैसे काढले, तर मावशीनं माझा हात बाजूला केला. "मासली घेतलीस तेवरे दे. वरचे कनाला?" दुपारी दोनला तिच्या नातवानं येऊन दीड पाटी परत नेली.

एका शुक्रवारनं कुणी देशोधडीला लागत नाही. मीही तेव्हा मनाला तेच समजावलं. पण डब्यातल्या मासळीची घरांना चव लागली होती, साफ करायचा व्याप नाही, जिन्यात वास नाही, सुट्ट्या पैशांची कटकट नाही. होळीपर्यंत वीस-बावीस घरं फोनवर गेली. उरलेल्या पंचवीसेक घरांसाठी तीन बिल्डिंगा चढायच्या आणि नाही ऐकून उतरायचं, हे त्या गुडघ्याला झेपेना. ती आधी एक दिवसाआड यायला लागली, मग फक्त रविवारी, मग पावसाळ्याची मासेमारी बंद झाली आणि नारळी पौर्णिमेनंतर ती आलीच नाही.

मी ॲपमध्ये सुधारणा केली. 'तुमच्या घरी किती गुरुवार?' असा प्रश्न घातला. लोकांनी पाच तारे दिले. मग एका सकाळी ओट्याशी उभा असताना ते काढूनच टाकलं. वैशालीला वाटतं मी मोठा त्याग केला. तसं काही नाही. माझ्यानं आलेख बघवत नव्हता, एवढंच. मावशीला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मला वाटलं होतं लोक विचारतील, कुठं गेलं ॲप. दोघांनी विचारलं. आठवड्यात कुणी तरी तसंच दुसरं बाजारात आणलं, त्यात पापलेट हलतं. नोकरी अजून आहे, विलीन होऊनही मी उरलो. डब्याच्या टेबलावर अजून तोच विषय असतो, आणि मला विचारलं की मी म्हणतो, सध्या काही नाही. पण आतली चुळबुळ गेलेली नाही. रविवारी सकाळी उठतो आणि काही तरी करायचं राहिलंय असं वाटत राहतं, आणि ते काय ते आठवत नाही.

गेल्या बुधवारी वैशालीनं पानं आणायला पाठवलं म्हणून बाजारात गेलो होतो. पानांच्या जुड्या घेऊन मासळीच्या गल्लीतून निघालो तर कोपऱ्यात, भाचीच्या जागेवर, प्लॅस्टिकच्या स्टुलावर हरकूमावशी बसलेली. अंगानं आटली होती. अंबाड्यावर वेणी होती. मी समोर उभा राहिलो, तिनं ओळखलं, हसलीही.

"पाय कसा आहे मावशी?"

"हाय तसाच."

 मग तिला बरं वाटेल असं वाटून मी विचारलं, "मावशी, यंदा किती गं? चार की पाच?"

"मना नाय ठाव."

"असं कसं? तुला सगळ्या घरांचं ठाऊक असायचं."

"ते माज्या डोक्यान नवतं रे पोरा. दारान व्हतं. बाया दार उघरायच्या, बोलायच्या, कुनाची सासू आली, कुनाचं पोर आजारी परलं, त्यान सगला कलायचा मना." तिनं मासळीवर पाणी मारलं. "आता इथं गिऱ्हाईक येतं, भाव इचारतं, जातं."

माझ्यामागं दोघी जणी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यातली एक घड्याळ बघत होती. मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बोल, काय देऊ?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिनं आमच्या घरात कधी कुणाला केला नव्हता. ती आमचं ते काढून ताटात ठेवायची आणि वैशाली पैसे द्यायची, बस्स. समोर बर्फावर चार-पाच प्रकारची मासळी ओळीनं मांडलेली होती. त्यातलं आमच्या घरचं कोणतं, ते मला सांगता येईना.